पुढची गाडी

वाळुंजफाट्याच्या सरकारी दवाखान्यात बारा महिने हमखास मिळणारं औषध एकच होतं, ते म्हणजे "पुढं न्या". बाकी कशाचा भरवसा नसे. खोकल्याची बाटली असली तर असली, डॉक्टर मिटिंगला गेले नसले तर भेटले. पण साप चावलेला माणूस आणा, प्रेसमध्ये बोटं गेलेला कामगार आणा, नाहीतर अडलेली बाई आणा, सिस्टर नाडी बघायच्या, चेहरा गंभीर करायच्या आणि म्हणायच्या, "पुढं न्या." पुढं म्हणजे पिंपरीला. तिथं मोठं हॉस्पिटल होतं, रक्त होतं, भूल देणारे डॉक्टर होते. मधे फक्त रस्ता होता.

त्या रस्त्याबद्दल बोलावं तेवढं थोडंच. चाकणकडून येणारे कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, तळवड्याच्या आयटीवाल्यांच्या मोटारी आणि कुठूनही कुठंही घुसणाऱ्या रिक्षा, सगळ्यांना तोच एक रस्ता. शिफ्ट सुटली की तो जागच्या जागी थिजायचा. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचे आणि निवांत तंबाखू मळायचे.

सिस्टरांना तरी काय बोल लावणार? दवाखाना बांधला तेव्हा फाट्यावर मूठभर घरं होती. मग कंपन्या आल्या, कंपन्यांमागून लातूर, बीड, बुलढाण्याची माणसं आली, चाळी उठल्या, चाळींवर मजले चढले. गावानं अंग धरलं, पण अंगातला सदरा मात्र बाळपणीचाच राहिला. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि एक अँब्युलन्स, जी नेहमी दुसऱ्याच कुणाला तरी पुढं घेऊन गेलेली असायची.

मग लोक धावायचे सयाजीकडे. सयाजी वाळुंज हा गावचा जुना माणूस, जीपवाला. सकाळी दूध, दुपारी कामगार, आणि हाक आली की हातातलं सगळं टाकून पेशंट. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा त्याला नावानिशी ओळखत होता म्हटलं तरी चालेल. त्याच्या जीपला सगळा फाटा 'पुढची गाडी' म्हणायचा. "पुढची गाडी कुठंय?" असं कुणी ओरडलं की नव्या माणसाला वाटायचं, एसटीची चौकशी चाललीय. गाववाले मात्र रस्ता मोकळा करायला धावायचे.

सयाजीला त्या नावाचा आतून अभिमान होता. मिशीला पीळ देत तो म्हणायचा, "आपल्या गाडीत बसलेला माणूस पोचतोच." आणि ते खरंही होतं. श्रद्धाची वेळ येईपर्यंत खरं होतं.

श्रद्धा त्याची सून. पिंपळे गुरवची, शिकलेली, मोकळ्या हसण्याची पोरगी. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ओटी भरून तिला पाठवायची तयारी चालली होती. हिरवी साडी आणून ठेवली होती. त्या साडीची घडी मोडायच्या आतच एका दुपारी तिला रक्त जायला लागलं. जुन्या दवाखान्यात तेव्हा जयमाला सिस्टर ड्युटीवर होत्या. त्यांनी श्रद्धाच्या पोटावर हात ठेवला आणि सयाजीकडे न बघता म्हणाल्या, "पुढं न्या. लगेच न्या."

सयाजीनं नेलं. पण दुपारची शिफ्ट सुटली होती. वजनकाट्यापाशी, जिथं मालाचे ट्रक वजन करायला रांग लावतात, तिथं त्याची जीप अशी अडकली की ना पुढं ना मागं. हॉर्न वाजवून झाला, हातापाया पडून झालं. मागच्या सीटवर श्रद्धा आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग गप्प झाली. पिंपरीच्या डॉक्टरांनी तिला वाचवलं. बाळाला वाचवायला त्यांच्या हातात काहीच उरलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून सयाजीनं मिशीला पीळ देणं सोडलं. जयमाला सिस्टर समोरून आल्या की तो रस्ता बदलायचा. त्यांची चूक नाही हे त्याला कळत होतं, पण तो शब्द त्यांच्या तोंडून आला होता. आणि श्रद्धा? श्रद्धा त्या रस्त्यानं परत कधी गेलीच नाही. सण असो, भावाचं लग्न ठरो, कुणी वजनकाट्याचं नाव काढलं की ती पांढरी पडायची. तिची आईच येऊन लेकीला भेटून जायची.

त्याच वर्षी जुना दवाखाना पाडला. नवा उभा राहीपर्यंत दवाखाना शाळेच्या वर्गात भरला. फळ्यावर अर्धी बाराखडी आणि अर्ध्यात लसीकरणाचे वार. सगळ्यांना वाटलं, झालं, आता हा शाळेतच म्हातारा होणार. पण कधी नव्हे ते सरकारी काम पुरं झालं. चार मजले उठले, लिफ्ट बसली, रक्त ठेवायचा फ्रीज आला, नवजात बाळांसाठी काचेच्या पेट्या आल्या, भूल देणारे डॉक्टरही आले आणि मुख्य म्हणजे टिकले. फाट्यावरच्या बायका काहीही कारण काढून लिफ्ट बघून आल्या. सयाजी तेवढा गेला नाही.

"रंग झ्याक दिलाय," तो लांबूनच म्हणायचा. "पर रंगानं काय बाळंतपण होतंय व्हय?"

आणि नेमके त्याच सुमारास श्रद्धाला पुन्हा दिवस गेले.

सयाजीनं नववा लागायच्या आधीच बेत आखला. श्रद्धानं माहेरी जाऊन राहायचं, तिथून पिंपरीचं हॉस्पिटल जवळ, म्हणजे ऐनवेळची धावाधाव नको. बायकोला, सुमनताईला, त्यानं आपल्या बाजूला वळवून घेतलं. मुलाला, प्रज्वलला, दम दिला. सगळं जमलं, फक्त जिला जायचं होतं तिला विचारायचं राहिलं.

"अण्णा, मी इथंच बाळंत होणार," श्रद्धा म्हणाली. "आपल्या दवाखान्यात."

"अगं पोरी, भितीवरचं प्लास्टर वाळलं न्हाई अजून त्यांच्या."

"नसू दे. डॉक्टर मिनल बघतायत मला पहिल्यापासून. तुम्ही एकदा तरी आत येऊन बघा."

"बघितलंय म्या. बाहेरनं बघितलंय."

श्रद्धा हसली नाही. तिनं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "अण्णा, माहेर नको असं नाही मला. तो रस्ता नको. पोटात बाळ घेऊन मी वजनकाट्यावरून परत नाही जाणार. मला सोन्याच्या पालखीत बसवलंत तरी नाही."

सयाजीनंही ताट सारलं. तो उठला आणि बाहेर जाऊन जीपचं बोनेट उघडून बसला. दुसऱ्या दिवसापासून त्यानं जीपची जी काही सेवा मांडली ती बघण्यासारखी होती. टायर बदलले, ब्रेक बघून घेतले, मागं गादी घातली, गादीवर चादर, चादरीवर उशी, पाण्याची बाटली, पंखा.

"नवरी आणायला चाललाय का काय?" सुमनताईनं टोमणा मारला.

"तू गप बस. ती म्हंती ना हितंच, तर हितंच. पर माझी गाडी दारात उभी ऱ्हाणार, तोंड रस्त्याकडं करून. त्यांनी पुढं न्या म्हणायचा अवकाश, मी निघालोच."

कळा सुरू झाल्या त्या जेवणाच्या वेळेला. श्रद्धा चालत दवाखान्यात शिरली, सुमनताईचा हात धरून. प्रज्वल तळवड्याला कामावर होता, त्याला फोन गेला. आणि सयाजीनं ठरल्याप्रमाणे जीप थेट पोर्चमध्ये, मुख्य दरवाजाच्या तोंडाशी, रस्त्याकडे तोंड करून उभी केली.

तिथं त्याची गाठ मारुतरावांशी पडली. मारुतराव सिक्युरिटीवाले, नांदेडकडचे, अंगावरच्या नव्या गणवेशाला शोभेल असे कडक.

"मामा, हितं गाडी कामून लावायलाव? ही अँब्युलन्सची जागा हाय."

"ही पण अँब्युलन्सच हाय," सयाजी म्हणाला.

मारुतरावांनी जीपभोवती एक चक्कर मारली. गादी बघितली, उशी बघितली, बंपरवरचा दुधाच्या कॅनचा पोचा बघितला. "काहून चेष्टा करायलाव मामा? मागं घ्या, टाकीपशी. तिथं लई जागा हाय."

शब्दानं शब्द वाढला, पण मारुतराव बधले नाहीत. शेवटी सयाजीला जीप इमारतीला वळसा घालून पार मागं, पाण्याच्या टाकीपाशी न्यावी लागली. तिथून पोर्चपर्यंत यायला किती वेळ लागेल याचा हिशेब करतच तो आत आला.

आत आला आणि जरा बुजला. फरशी लख्ख, उजेड भरपूर, बाकड्यांवर सगळा मुलूख गोळा झालेला. कुणी मराठवाड्याच्या बोलीत बाळाला दटावत होतं, कुणी हिंदीत केसपेपर विचारत होतं. आणि कुणाच्याच चेहऱ्यावर ती जुनी, निघायच्या तयारीतली घाई नव्हती. पण सयाजीला ते दिसायचं नव्हतं. त्याला तपासणीच्या खोलीचं दार दिसत होतं आणि त्या दारातून ये-जा करणाऱ्या जयमाला सिस्टर दिसत होत्या. पुन्हा त्याच. त्यांनी एकदा त्याच्याकडे बघून मान हलवली. सयाजीनं भिंतीवरचं स्तनपानाचं पोस्टर वाचायला घेतलं.

बराच वेळ सगळं ठीक होतं. मग डॉक्टर मिनल भराभरा आत गेल्या. सुमनताई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. सयाजीचे कान टवकारले गेले. आतून मशीनचा टुक टुक आवाज येत होता, तो मधेच मंदावल्यासारखा वाटला. आणि मग जयमाला सिस्टरांचा आवाज आला, तोच, तसाच.

"बाळाचे ठोके कमी होतायत. पुढं न्या. लगेच न्या."

सयाजीच्या कानात पुढचं काही शिरलंच नाही. चपला बाकड्याखाली सोडल्या होत्या, त्या तिथंच राहिल्या. तो अनवाणी धावत सुटला, मारुतरावांना ढकलून बाहेर, इमारतीला वळसा घालून टाकीपाशी. किल्ली फिरवली. जीप एका झटक्यात चालू झाली. एवढी सेवा केली होती, तिनंही लाज राखली. रिव्हर्समध्येच त्यानं ती पोर्चमध्ये घातली, मागचं दार उघडलं आणि ओरडत आत शिरला, "चला, आणा! आणा लवकर!"

तपासणीच्या खोलीत पलंग नव्हता. श्रद्धा नव्हती, सुमनताई नव्हती, सिस्टरही नव्हत्या. एक मावशी तेवढी फरशी पुसत होती.

"पोरगी कुठंय? आत्ता हितं होती ती?"

"नेली की पुढं, आत्ताच," मावशी म्हणाली.

आणि त्याच क्षणी बाहेर सायरन वाजला. सयाजी दारात पोचेपर्यंत अँब्युलन्स फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागलेली होती. आपण गाडी आणायला मागं गेलो आणि तेवढ्यात तिला घेऊन हे निघाले! आणि वेळ कुठली, तर दुपारची शिफ्ट सुटायची. ती पोर त्या रस्त्यावर, परत, आणि आपण बरोबर नाही.

तो जीपमध्ये बसला आणि अँब्युलन्सच्या मागं लागला. खिशातला फोन वाजत होता, तो हॉर्नच्या गोंगाटात त्याला ऐकू येईना. हॉर्नवरचा हात त्यानं काढलाच नाही. "बाजूला व्हा राव, सून हाय माझी पुढं!" असं तो खिडकीतून ओरडत होता आणि लोक खरंच बाजूला होत होते, कारण फाट्यावर पुढच्या गाडीला अजून मान होता. पण मान तरी कुठवर पुरणार? कंपन्यांच्या बसेस वळणावरून आत घुसल्या, कंटेनर आडवा झाला आणि रस्ता थिजला. समोर अँब्युलन्स उभी, तिच्या मागं जीप उभी. सयाजीनं डावीकडं बघितलं. वजनकाटा होता.

डोळे मिटून घ्यावेत अशी ती वेळ होती. पण सयाजी उतरला. तापलेल्या डांबरावर अनवाणी धावत त्यानं अँब्युलन्स गाठली आणि मागचं दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं.

आत कुणी नव्हतं. रिकामं स्ट्रेचर, नीट घडी घातलेली चादर, आणि डबा उघडून चपाती खात बसलेले एक डॉक्टर. ते घास हातात धरून सयाजीकडे बघत राहिले.

"माझी सून कुठंय?"

ड्रायव्हर खाली उतरून मागं आला. ज्ञानदेव, गावचाच. सयाजीला ओळखून त्यानं कपाळाला हात लावला. "अण्णा, तुमी हितं कसं? आवं, आमी कुणाला न्यायला न्हाई चाललो. आणायला चाललोय. खालच्या एमआयडीसीत एकजण शिडीवरनं पडलाय, त्येला आपल्या दवाखान्यात आणायचाय."

"आणायला?"

"व्हय. आता हितनं न्हेत न्हाई, हितं आणत्यात."

सयाजीला ते वाक्य ऐकू आलं, पण उमजायला वेळ लागला. आयुष्यभर त्यानं माणसं एकाच दिशेनं जाताना बघितली होती. खिशातला फोन पुन्हा वाजायला लागला. बसेसची इंजिनं बंद झाली होती, त्यामुळं या वेळी तो ऐकू आला. सुमनताई होती, आणि ती चिडली होती. हे चांगलं लक्षण होतं. वाईट बातमी असली की ती हळू बोलायची.

"आवं, कुठं उलथलाय तुमी? धा येळा फोन केला!"

"श्रद्धाला कुठं न्हेली? पुढं न्या म्हणल्या ना त्या?"

"पुढं म्हंजे पुढच्या खोलीत! ऑपरेशनच्या! वट्ट्यावरनं माजघरात जावं तेवढं अंतर बी न्हाई! त्या काय तुमास्नी म्हणल्या व्हय? पलंग ढकलणाऱ्या पोरांना म्हणल्या!"

"मग? मग काय झालं?"

सुमनताईनं फोन बाजूला नेला. नुसता खरखराट झाला, कुणीतरी "इकडे धरा फोन" म्हटलं, आणि मग सयाजीला ऐकू आलं. बारीक, चिरकं, भयंकर रागावलेलं रडणं. जन्माला आल्याबरोबर कुणाची तरी तक्रार करत असल्यासारखं.

"ऐकलं का?" सुमनताईचा आवाज आता भरून आला होता. "नात झाली. श्रद्धा बी चांगली हाय. दोघी बी चांगल्या हायत."

सयाजीचा जीव भांड्यात पडला. तो अँब्युलन्सच्या पायरीवर बसला. फोन कानाला तसाच होता, रडणं तसंच चालू होतं, आणि इकडे सयाजीही लहान पोरासारखा हुंदके देत होता. डॉक्टरांनी डबा बाजूला ठेवून त्याला पाणी दिलं. आसपासचे ड्रायव्हर तंबाखू मळायचं सोडून गोळा झाले. "काय झालं, भावा? गेलं का कुणी?" एकानं विचारलं.

"न्हाई," सयाजी नाक पुसत म्हणाला. "आलं."

मग तो उठला. त्यानं मागं वळून आपल्या जीपकडे बघितलं. मागचं दार घाईत उघडंच राहिलं होतं. आत गादी, चादर, उशी, सगळं जिथल्या तिथं, चादरीवर सुरकुती नाही. याच जागेवर, याच वेळेला ती एकदा भरलेली होती. आज त्याच जाममध्ये ती रिकामी उभी होती, आणि रिकाम्या गाडीकडे बघून माणसाला एवढा आनंद होऊ शकतो हे त्याला माहीतच नव्हतं.

रस्ता मोकळा झाल्यावर अँब्युलन्स पुढं गेली आणि जीप मागं फिरली. पोर्चमध्ये मारुतराव उभे होते, हातात सयाजीच्या चपला घेऊन. "घाला मामा," ते म्हणाले. "आन गाडी लावा आता कुठं बी." पण सयाजीनं आपण होऊन ती टाकीपाशी नेली.

जिन्याशी जयमाला सिस्टर भेटल्या. सयाजीनं या वेळी पोस्टर शोधलं नाही.

"सयाजीभाऊ, चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "जुन्या दवाखान्यात इतकी वर्षं तेच बोलून जिभेला वळण पडलंय. तुम्ही धावत सुटलात तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण मागं यायला सवड नव्हती. हाक मारली, तुम्हाला ऐकू गेली नाही." त्या जरा थांबल्या. "मागच्या खेपेला मी तुमच्याकडं बघितलं नव्हतं. बघवलं नसतं. पुढं काही नाही, फक्त रस्ता आहे, हे मला माहीत होतं."

सयाजी दोन पावलं पुढं आला. त्यानं दोन्ही हात जोडले. मग जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाला, "सिस्टर, तो शबुद तेवढा बदला. माझ्यासारखा एकांदा इमारतीवरनं उडी टाकंल."

"आता 'आत न्या' म्हणणार," सिस्टर म्हणाल्या आणि हसल्या. मग डोळे पुसत घाईनं निघून गेल्या, कारण दारात आणखी एक पलंग आला होता.

वरच्या मजल्यावर खिडकीशेजारच्या पलंगावर श्रद्धा होती. थकलेली, केस विस्कटलेले, पण चेहऱ्यावर रंग होता. शेजारी प्रज्वल हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि बाळाकडे असा बघत होता, जणू ते आता काहीतरी बोलणार आहे. सुमनताईनं ते गाठोडं उचलून सयाजीच्या हातात दिलं. त्यात एक लालबुंद तोंड होतं आणि दोन मुठी. सयाजीनं ते अंगाशी धरलं. ज्या हातांनी आजवर स्टेअरिंग घट्ट धरलं होतं त्या हातांना एवढं हलकं काही धरायची सवय नव्हती, म्हणून तो सावकाश पलंगाच्या कडेला टेकला.

"अण्णा," श्रद्धा हळूच म्हणाली, "इतका वेळ कुठं होतात? सगळ्यांनी बघितली हिला, तुम्हीच तेवढे नव्हतात."

सयाजीनं नातीच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"जरा पुढं गेलो होतो," तो म्हणाला.